सासऱ्यांचा साचा आणि सासूबाईंचा बूट

माझे सासरे सायकली बनवतात. नळ्या कापून, घासून, पितळेनं जोडून, एकेका माणसाच्या मापाची एकेक फ्रेम. वर्षाला चौदा-पंधरा होतात. घर वर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे दोन मोटारी मावतील एवढी खोली. एका भिंतीला कानशी, दुसऱ्या भिंतीला नळ्या आणि मधल्या टेबलावर, कोणीही हात न लावण्याच्या अटीवर, एक काळपट लाकडी साचा.

त्या साच्यावर सासरे चिमट्याचे पाय वाकवतात. चिमटा म्हणजे फोर्क, पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा. त्याचे पाय खाली जाताना जरा पुढे वाकतात. हा बाक सासऱ्यांच्या प्रत्येक सायकलीला पंचेचाळीस मिलिमीटर. सहा फुटी माणूस येवो की पाच फुटी, नळ्यांची लांबी बदलायची, बाक मात्र तोच. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांनी हा साचा दिला होता. विषय तिथेच संपला होता.

लग्नानंतर मी नवा नवा असताना एकदा म्हणालो, "बाबा, छोट्या फ्रेमला बाक वेगळा हवा का, गणित करून बघू?"

"जावईबापू, तुम्ही यंत्रांचे इंजिनियर. माझं गिऱ्हाईक माणूस असतं. चहा घ्या."

मी चहा घेतला.

सासूबाई रंगाचं काम करतात. उंची चार फूट अकरा इंच. नळ्यांच्या सांध्यांभोवती केसाएवढी सोनेरी रेघ त्या कशाचाही टेकू न घेता ओढतात. त्यांची स्वतःची हिरवी सायकल सासऱ्यांनी बावीस वर्षांपूर्वी बनवली. रोज बाजारात तीच. गल्लीच्या तोंडाशी अगदी अरुंद वळण आहे. तिथे त्या नेहमी उतरतात, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंशी दोन शब्द बोलतात आणि पुढे जाऊन परत चढतात. सासरे कौतुकानं सांगायचे, "हिला माणसांचा फार सोस."

एका शनिवारी दातांच्या डॉक्टर आल्या. उंची सासूबाईंएवढीच. त्यांना डोंगराळ रस्त्यानं दोनशे किलोमीटर जायचं होतं आणि त्यासाठी हलकी, चपळ सायकल हवी होती. मापं झाली, रंग ठरला. मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? आधीच्या सायकलवर हळू वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. दोनदा पडले. दुसऱ्यांचे दात बसवता बसवता स्वतःचे घालवायची वेळ आली होती. तुमच्या सायकलवर असं होणार नाही ना?"

सासरे हसले. "डॉक्टर, इतक्या वर्षांत एकाचीही तक्रार नाही. पुरावा घरातच आहे. अगं, जरा इकडे ये. सांग यांना, तुझा पाय लागतो का चाकाला?"

सासूबाई ब्रश हातात घेऊन आल्या. त्यांनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या बुटांकडे. ब्रशवरचा रंग पुसायला त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. 'नाही' म्हटलं असतं तर सासऱ्यांचा शब्द राहिला असता, पण डॉक्टरांना तोच चिमटा मिळाला असता, डोंगरातल्या वळणांसाठी.

"लागतो," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात, कशी पळते? मी सांगायचे, छान पळते. पळण्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही हो. वळताना तेवढं उतरावं लागतं."

"म्हणजे ती शिंपीणबाई..."

"उतरलेच आहे तर बोलते. चांगली आहे बाई."

डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून दारापाशी गेल्या. सासरे हिरवी सायकल आत घेऊन आले. सासूबाईंना वर बसवलं, पेडल पुढे आडवं धरलं आणि हँडल वळवलं. बुटाचं टोक टायरवर घासलं. त्यांनी परत वळवलं. परत घासलं. बुटाच्या टोकावरचा काळा पट्टा मग मलाही दिसला. चार वर्षं मी तो चिखल समजत होतो.

"एवढी वर्षं," सासरे पुटपुटले, "मी हिला पाडायचं यंत्र देऊन ठेवलंय."

"एकदाही पडले नाही. उगाच नाटक नको," सासूबाई म्हणाल्या.

 तिसऱ्या दिवशी मला सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, ते गणित घेऊन या."

बाक वाढवला की चाक पुढे सरकतं आणि पाय मोकळा होतो, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. अडचण दुसरीच होती. हँडलच्या तिरक्या नळीची रेघ जमिनीपर्यंत ओढली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. चाक त्या रेघेच्या मागे राहतं, दवाखान्यातल्या ट्रॉलीची छोटी चाकं दांड्याच्या मागे राहतात तसं, आणि त्यामुळेच सायकल सरळ धावते. नुसता बाक वाढवला की हे अंतर घटतं.

"मग हँडल फार हलकं होतं," सासरे म्हणाले. "उतारावर शिंक आली तरी सायकल रस्ता बदलेल."

म्हणून नळीही कलवायची ठरली. ती त्र्याहत्तर अंशांवरून साडेएकाहत्तरवर आणली, बाक पंचावन्न केला. अंतर जवळपास तेवढंच राहिलं आणि चाक चांगलं वीस मिलिमीटर पुढे गेलं. आकडे बघून सासरे इतकंच म्हणाले, "हं." मग त्यांनी नव्या साच्यासाठी लाकूड कापायला घेतलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांची सायकल उभी राहिली. आधी सासूबाई बसल्या. अंगणात रंगाचे दोन डबे ठेवून त्यांच्याभोवती त्यांनी आठचा आकडा काढला, एकदा, दोनदा, मग उगाचच सहा वेळा. बूट कुठेच लागला नाही. मग सासूबाई जवळच्या पुलाच्या उतारावरून खाली गेल्या. सासरे वर कठडा धरून उभे.

"थरथरली का?" त्या परत येताच त्यांनी विचारलं.

"मी एक हात सोडून नाकावरची माशी हाकलली."

"हात सोडलास? उतारावर?"

"माशी उतारावरच आली, मी काय करू?"

डॉक्टर सायकल घेऊन गेल्या. सासऱ्यांनी मापांची वही काढली आणि पाच फूट दोन इंचांखालच्या अकरा गिऱ्हाइकांना फोन लावले. प्रश्न एकच, पाय लागतो का? नऊ जण 'हो' म्हणाले. एक बाई म्हणाल्या, "मला वाटलं माझेच पाय मोठे आहेत." एकानं "अजिबात नाही" म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा उजळला, पण सायकल आता त्याचा सहा फुटी मुलगा चालवत होता. अकराव्यानं फोनच उचलला नाही. जुन्या फ्रेमची नळी कलवता येत नाही, म्हणून त्या सगळ्यांना किंचित जास्त बाकाचा चिमटा आणि आखूड क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, द्यायचं ठरलं.

"आधी त्यांचं करा," सासूबाई म्हणाल्या. "मला काय, सवय आहे."

"तू आता बोलू नकोस. खाली बस आणि डावा पाय कागदावर ठेव."

त्या स्टुलावर बसल्या. सासरे गुडघ्यांवर वाकून बुटाभोवती पेन्सिल फिरवू लागले.

"हलू नकोस."

"गुदगुल्या होताहेत."

"बुटातून?"

"अहो, पेन्सिल घोट्यावर आलीय तुमची."