पंगत उठली, आई जेवली

"उभी राहा गं," बाई माइकवरून म्हणाल्या. "या हौशीची लेक आज आपल्यातच बसलीय. दिसू दे सगळ्यांना."

मी उभी राहिले. सांगलीचं सभागृह गच्च भरलेलं. माणसं अजून हसत होती. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते, इतके हसले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि त्यांना परत हसू फुटलं.

ज्या हौशीवर ते हसत होते ती माझी आई होती.

खरं सांगते, आधी राग आला नाही. आधी हेवा वाटला. एवढं हसू मला कधी मिळालं नव्हतं. गोष्ट माझ्या घरातली, आई माझी, आणि सभागृह मात्र बाईंच्या मुठीत. आई आठवली ती त्यानंतर.

मी कथा सांगते. त्यावरच पोट आहे माझं. शाळा, बचत गटांचे मेळावे, जयंतीचे मंडप, वाचनालयांच्या व्याख्यानमाला. बाईही कथाच सांगतात. पुष्कळदा आम्ही एकाच मंचावर असायचो. मी आधी, लोक खुर्च्या शोधत असताना. त्या नंतर, दिवे मंद झाल्यावर.

त्यांचा हेवा मी कितीतरी वर्षं केला. त्या मध्येच थांबून पाण्याचा घोट घ्यायच्या आणि अख्खं सभागृह त्या घोटासाठी थांबायचं. मी थांबले की लोकांना वाटायचं, ही विसरली. त्या प्राध्यापकांच्या घरातल्या. घरी पुस्तकांची कपाटं, बोलण्याला घरातूनच इस्त्री झालेली. ग्रामीण कथा सांगायची असली की इरकल नेसायच्या, ठसठशीत कुंकू लावायच्या आणि 'लय', 'न्हाई', 'व्हय' असं बोलायच्या. टाळ्या पडायच्या. लोक म्हणायचे, काय मातीचा वास आहे भाषेला.

आणि मी? मी पांढरी सुती साडी कडक करून नेसायचे. 'पानी' म्हटलं म्हणून शाळेत वर्गासमोर उभी केलेली पोर मी. 'ण' जिभेवर बसवताना घाम निघाला माझा. एका संयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ताई, विषय चांगला आहे, फक्त उच्चारांकडं लक्ष द्या. त्याच मंचावर त्याच दिवशी बाई 'पानी' म्हणाल्या आणि लोक खूश झाले.

त्या आमच्यासारख्या नटायच्या. मी त्यांच्यासारखी. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. मला फक्त त्यांच्यासारखं व्हायचं होतं.

आईची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली रहिमतपुरात. बाई पाहुण्या म्हणून बसल्या होत्या.

गोष्ट अशी. आई नवी नवरी होऊन गावात आली होती. गावात मोठ्या घरचं लग्न निघालं. आमच्या लोकांची पंगत गोठ्याच्या कडेला, मांडवापासून वेगळी. शेण नीट काढलेलंही नव्हतं. आईच्या पत्रावळीवर भात पडला. ती पत्रावळ उचलून उठली. मांडवात गावाची दुसरी पंगत नुकतीच बसली होती. मधे एक जागा मोकळी होती. आई जाऊन तिथं बसली. कुणी ओरडलं नाही. एकेक करून सगळी पंगत उठली. वाढप्यानं वरणाची बादली खाली ठेवली आणि तो हात बांधून उभा राहिला. आई त्या मोकळ्या पंगतीत एकटी बसून नुसता भात जेवली. शेवटच्या शितापर्यंत. मग पत्रावळ घडी करून उचलली आणि घरी आली.

एवढीच गोष्ट. मी सांगितली तेव्हा बाई रडल्या होत्या. माझे दोन्ही हात हातात धरून म्हणाल्या होत्या, ही फार मोठी गोष्ट आहे. मी हरखले. त्यांच्या तोंडून 'मोठी' ऐकलं ते पुढं कितीतरी दिवस पुरवून पुरवून आठवलं.

सांगलीत त्यांनी तीच सांगितली. आईचं नाव ठेवलं हौशी. गोठा नव्हता. वेगळी पंगत नव्हती. जात तर नव्हतीच. गोठा काढल्यावर काय उरतं? एक बाई आपल्या पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीत जाते. का जाते? तर तिकडं जिलबी आलीय म्हणून. बाईंनी पदर खोचला, पत्रावळ सावरत लगबगीनं चालून दाखवलं, तोंडात न मावणारी जिलबी दाखवली. सभागृह कोसळलं.

मग मला वर बोलावलं. बाईंच्या हस्ते शाल. शाल उलगडता उलगडता त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "रागावली नाहीस ना? जरा हलकी केली. जड झालं की लोक ऐकत नाहीत."

मी शाल घेतली नाही. माइकशी गेले. सवयीनं नीट, तासून बोलायला लागले. "उपस्थित रसिकहो." आणि माझ्याच कानांना तो बाईंचा आवाज वाटला. त्यांचाच सूर, त्यांचीच मान. मी थांबले. मग जे तोंडात आलं ते बोलले.

"माजी आय जिलबीसाठी उठली न्हवती. तिला गोठ्याच्या कडंला बसवली हुती. आमी म्हार म्हनून. आन ती मांडवात बसल्यावर पंगत उठली. तवा कोन हसलं न्हाई. आज तुमी हसला."

कुणी टाळी वाजवली नाही. चष्मेवाले गृहस्थ कार्यक्रमपत्रिका चाळायला लागले. संयोजकांनी हळूच माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. बाई शालीची घडी घालत बसल्या.

मी घरी पोचायच्या आधी बाईंच्या कथेचा व्हिडिओ घरी पोचला होता. शेजारच्या सुनेनं मोबाइलवर आईला दाखवला. ती बिचारी कौतुकानं दाखवत होती, तुमची गोष्ट म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी आई घेवडा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी जिलबीसाठी उठले व्हय गं?"

"न्हाई, आय."

"मग तिला कुनी सांगितलं तसं?"

म्हटलं, मी खरं तेच सांगितलं होतं. तिनं ते काढून टाकलं. आईनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, तू कसं सांगतीस ते मी कधी ऐकलं न्हाई. सांग. मग मी तिलाच तिची गोष्ट सांगितली. 'ण'ची काळजी न करता. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "भात गार झाला हुता. ते बी सांग."

पुढच्या महिन्यात कोरेगावहून एका संयोजकांचा फोन आला. बाईंची 'हौशी' ठरली होती. त्याच्या आधी माझी एखादी घ्यायची होती. ते म्हणाले, फक्त ते जातीचं नको, उगाच वाद. मी म्हटलं, मी तीच गोष्ट सांगणार, गोठ्यासकट. त्यांनी कळवतो म्हणून फोन ठेवला. कळवलं नाही. कार्यक्रम एकट्या बाईंचा झाला. गर्दी लोटली म्हणे.

हेवा गेलेला नाही. त्या गर्दीचं ऐकलं आणि अंग पेटलं. पण आता मला त्यांचा आवाज नको. त्यांचा घोटही नको. मला ती माणसं हवीत. जी हसली, तीच. सांगलीच्या त्याच सभागृहात कुणी बोलावलं नाही तर दाराबाहेरच्या पायरीवर उभी राहून सांगीन.

गोठा आला की आवाज बारीक करणार नाही. कुणी हसलं तर थांबीन. हसू संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत थांबीन. आणि परत गोठ्यापासून सुरू करीन.