मोकळी कडी
फिनेलचा वास आला की मला घनसावंगीतली ती सकाळ आठवते. पाळणाघराच्या परवान्यासाठी तपासणीच्या मॅडम घर बघायला येणार म्हणून सासूबाईंनी छताच्या कड्यांना बांधलेल्या लेकरांच्या झोळ्या सोडून ठेवल्या, मी फरशी पुसली आणि सांभाळायची सगळी लेकरं त्यांच्या त्यांच्या घरी धाडली. मॅडमनी रिकामी खोली पाहिली. "मुलं कुठं आहेत?" "तुम्ही येणार म्हणून धाडली घरी," सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "लई पसारा करून राह्यली होती." मॅडमनी पोह्यांची बशी अर्धीच खाली ठेवली. आमचं काय चुकलं, कळेना. तेवढ्यात शेजारचं पोरगं रोजच्या सवयीनं आत आलं आणि छताच्या मोकळ्या कडीकडं बघून रडायला लागलं. "त्याची झोळी बांधा," एवढंच बोलून मॅडम निघून गेल्या. आज परवाना भिंतीवर आहे. तो फिनेलला मिळाला का त्या रडण्याला, मला अजून उमगलेलं नाही.