चुना काढणाऱ्याचा फोटो

निवृत्त झालो, स्कॅनर घेतला आणि आठवड्याभरात डिचोलीतला इतिहास-अभ्यासक झालो. एवढ्यावर विद्वान होता येतं हे आधी कळलं असतं तर नोकरीच केली नसती. पेडणे-डिचोलीतल्या जुन्या चर्चचे फोटो जमवणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पांढरे हातमोजे घालून आम्ही लोकांच्या घरी जातो आणि त्यांचाच चहा पिऊन त्यांना बजावतो, फोटोला ओला हात लावू नका.

यंदा वाद पेटला तो आमच्या जवळच्या चर्चवरून. आज तिथे एकच मनोरा आहे. पूर्वी डावीकडे दुसरा होता की नव्हता, यावरून निम्मे सभासद उरलेल्यांशी बोलेनासे झाले. मी 'नव्हता' म्हणणाऱ्यांत होतो आणि गालात हसत होतो, कारण पुरावा माझ्याच घरी होता, देव्हाऱ्याशेजारी.

माझे वडील दर वर्षी फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या जत्रेआधी, त्या चर्चच्या भिंतींना चुना काढायचे. कुणीतरी एकदा चर्चचा फोटो काढला, त्यात डाव्या कोपऱ्यात चुन्याची बादली घेऊन तेही आले. त्यांचा तेवढाच एक फोटो. काच केव्हाच फुटली होती. ते गेल्यापासून आई दर दसऱ्याला थेट कागदावरच त्यांच्या कपाळाला कुंकू लावायची. खाली डोळे आणि मिशी तेवढी दिसत. कुंकू मात्र पसरत पसरत डोक्यामागे चढलं होतं, बरोबर त्या दुसऱ्या मनोऱ्याच्या जागी.

आई शेजारी गेली होती. मी हातमोजे घातले, कापूस ओला केला आणि पुसलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तर कोरडाही राहिलो नाही.

मनोरा नव्हता. मागे नुसतं आभाळ होतं. मी जिंकलो होतो आणि खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. मग खाली पाहिलं. कुंकवाबरोबर वडिलांचा चेहराही कापसावर आला होता.

तरी फोटो ग्रुपवर टाकलाच. वाहवा झाली. कोपऱ्यातला तो पांढरा डाग कापून टाका, असं एका अभ्यासकाने सुचवलं.

आईला मी काही सांगितलं नाही. दसऱ्याच्या सकाळी तिने बोटावर कुंकू घेतलं, फोटो डोळ्यांजवळ धरला.

"इगर्ज बरी दिसता रे झिला," ती म्हणाली. चर्चला ती इगर्जच म्हणते, मुलाला झील. "पण तिका चुनो काढी, तो खंय गेलो?"

तो कुठे गेला, ते मग मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फोटो मांडीवर घेतला आणि वडिलांचं कपाळ होतं तिथेच, न चाचपडता, कुंकवाचं बोट टेकवलं.