पाऊस सांगणारी बाय

विनिता आता रोडपालीला राहते. केस पांढरे झालेत, जिना चढताना दम लागतो, पण आवाज तोच आहे. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा पनवेलात घरोघरी केबल होती आणि एका लोकल चॅनेलवर संध्याकाळी बातम्या लागायच्या. मी कॅमेरा धरायचो. बातम्या संपल्या की विनिता हवामान सांगायची.

ती उरणच्या वाटेवरच्या एका गावची, मिठागरवाल्या घरातली. बीएस्सी झाली होती. चॅनेलच्या मालकांनी तिला खरं तर जाहिराती आणायला घेतलं होतं. हवामान वाचणारा मुलगा दुसरीकडे गेला आणि ही कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. हवामान खात्याचा अंदाज नुसता वाचून दाखवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

“उत्तर कोकणात तुरळक पाऊस म्हणजे कुठे रे, कुंदन? बाईनं वाळत घातलेले पापड उचलायचे का नाही?” असं मलाच विचारायची. मग गच्चीवर जायची, माथेरानच्या बाजूचे ढग बघायची, खाडीवरून वारा येतोय का ते बघायची आणि खात्याच्या अंदाजात पनवेलचं आभाळ मिसळायची.

आमचा स्टुडिओ म्हणजे निळा पडदा लावलेली एक खोली. तिथे ती उकळत्या किटलीवर बर्फाची थाळी धरून ढग कसा होतो ते दाखवायची. थाळीच्या बुडाला थेंब जमले की म्हणायची, “वर नेमकं हेच होतं. फक्त तिथे थाळी नसते. हवेतल्या धुळीच्या, मिठाच्या कणांना वाफ धरते. थेंब एकमेकांना मिळून जड झाले की पाऊस, बारीकच राहिले की भुरभुर.”

तिचे वडील महादेव गावच्या चहाच्या टपरीवर बसून हे सगळं बघायचे. घरी टीव्ही होता, पण टपरीवर लेक दाखवायला चार माणसं मिळायची. मिठाचा कण ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी थेट ऑफिसात आले.

“बाय, समुद्राचा मीठ वर जातंय ना?”

“हो बाबा. लाटा फुटतात, त्यातनं उडतं.”

“आन त्यावरच पानी धरतंय?”

“हो.”

“म्हंजे आमचाच मीठ घेऊन वर जातंय, आन आमच्याच मिठावर येऊन परतंय!” म्हातारा असा हसला, की खालचा दुकानदार वर बघायला आला.

ही गंमत होती, पण अवकाळी पाऊस त्यांच्या घरात गमतीचा नव्हता. उन्हात महिनोन्‌महिने राबून रचलेली मिठाची रास एका सरीत पाणी होऊन जाते. म्हणून एका वर्षी मार्चमध्ये डोंगरावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वाढताना दिसले आणि खात्यानंही गडगडाटाचा इशारा दिला, तेव्हा विनितानं बातम्यांत सांगून टाकलं, “उद्या दुपारनंतर पाऊस, कदाचित गाराही. मिठागरवाल्यांनी राशी झाकून घ्याव्यात.”

दुसऱ्या दिवशी गावानं काम थांबवून ताडपत्र्या टाकल्या. दुपार झाली, ऊन तसंच. ऑफिसचा फोन वाजू लागला. “कुठंय तुमचा पाऊस?” एकानं तर विचारलं, पोरीला पगार कशाचा देता?

विनिता कोपऱ्यात बसून राहिली. तेवढ्यात पनवेलजवळच्या कोन गावातून एका वर्गणीदाराचा फोन आला. तिकडे गारा पडत होत्या.

आम्ही स्कूटरवर सुटलो. पोचलो तेव्हा आभाळ मोकळं झालं होतं, पण बांधाच्या कडेला, गवतात गारा साचल्या होत्या. विनिता मुलीसारखी त्यात बसली. जेवणाच्या डब्यात गारा भरल्या. एक गार तिनं दगडावर फोडली. आत कांद्यासारखे थर.

“बघ, हा थेंब ढगात वर फेकला गेला, गोठला, खाली आला, परत वर गेला. प्रत्येक वेळी एक पापुद्रा. हवेला पेलेना तेव्हा गार होऊन पडला.”

ऑफिसात परतलो तर महादेवकाका बसलेले. लेकीला लोक बोलले हे त्यांच्या कानावर गेलं होतं. विनितानं डबा पुढे केला. तोवर त्यात पाणीच जास्त, तळाशी वाटाण्याएवढे तुकडे. त्यांनी एक उचलून तोंडात टाकला.

“अलनी हाय,” ते म्हणाले.

“बाबा, माझ्यामुळे गावाचं काम बुडालं.”

“बुरला त बुरला. काल बोलली नस्तीस आन इथं परल्या असत्या, मंग? तू सांगायचा काम सोरू नको. झाकायचा का नाय, ते आमी बघू.”

त्या संध्याकाळी विनिता कॅमेऱ्यापुढे म्हणाली, “आमचा अंदाज मिठागरांसाठी चुकला. कोनमध्ये गारा पडल्या. ढग दोन्हीकडे बघत होता, वळला तिकडे.” कॅमेरा बंद केल्यावर मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

पुढे घराघरांत डिशच्या छत्र्या लागल्या, मग मोबाईल आले. चॅनेल बंद पडलं. काका गेले. त्यांच्या मिठागरावर भराव पडला, आता तिथे कंटेनर उभे असतात. विनिता शाळेत शिकवून निवृत्त झाली. मी फोटो स्टुडिओ चालवतो. त्या निळ्या पडद्याची आठवण निघाली की आम्ही दोघंही बराच वेळ बोलतो.

दोन वर्षांपूर्वी पनवेलच्या बाजारात सुकट घेताना विनितानं भाव विचारला. विकणारी रंभा, करंजाकडची कोळीण, तिच्याकडे बघतच राहिली.

“तुमी पाऊस सांगनारी बाय ना? मी ल्हान व्हती तवा आयकायची!”

बोंबील वाळत घातले की रंभाचा जीव आभाळाकडे लागलेला असतो. तिच्या फोनवर अंदाज येतो, पण तो सगळ्या जिल्ह्याचा. विनितानं तिला नंबर दिला. आता बोंबील वाळवण्याच्या दिवसांत विनिता रोज संध्याकाळी खात्याचा अंदाज, रडारचं चित्र आणि खिडकीतलं आभाळ बघून आवाजी निरोप पाठवते. रंभा तो पुढे दहाजणींना पाठवते.

परवा मी बाजारात होतो. रंभानं फोन कानाशी धरला होता. मला बघून तिनं विनिताच्या निरोपाचा आवाज मोठा केला.

“...ढग आहेत, पण उंच नाहीत. दुपारपर्यंत वाळवा. नंतरचं मला नक्की सांगता येत नाही.”

शेजारची कोळीण म्हणाली, “नक्की नाय म्हन्ते बग.”

“मंग दुपारलाच उचलू,” रंभा म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.