इराचा कॅच आणि माझे हात

आधी कबूल करा, हसायचं नाही. मग सांगते.

आमची इरा तेरा वर्षांची. ऑकलंडला वाढलेली पोरगी, क्रिकेट नाही, नेटबॉल नाही, खेळते काय तर बेसबॉल. तेही अख्खा सीझन बाकावर बसून. त्या शनिवारी एक मुलगी आजारी पडली आणि कोचने हिला आत घेतलं. "आज नीट खेळलीस तर पुढच्या मॅचला नक्की," म्हणाला.

गाडीतच मला सूचना मिळाली. "आई, प्लीज. नो शाउटिंग. जस्ट सिट."

"मी कधी ओरडते गं?"

मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रेडिओ मोठा केला.

मैदानावर नुसती जत्रा. घडीच्या खुर्च्या, जँडल्स म्हणजे रबरी चपला घातलेले बाबा, सॉसेज भाजल्याचा धूर, बाकावरच्या मुलींची तालासुरातली चिडवाचिडवी. आणि वारा असा, की माझं सनस्क्रीन शेजारणीला लागलं. मी कडेच्या कमरेएवढ्या जाळीला खेटून खुर्ची टाकली आणि उपम्याचा डबा उघडला.

मंदार नियम समजावत होता. मी अर्धेच ऐकले. बॉल कडेच्या रेषेबाहेर गेला की फाउल, एवढं डोक्यात राहिलं. म्हणजे आपल्या बाउंड्रीसारखंच की. पलीकडे गेला, बॉल प्रेक्षकांचा.

तेवढ्यात समोरच्या टीमच्या पोरीने असा टोला हाणला, की बॉल उंच, वाकडा आणि थेट माझ्याकडे.

आता तुम्हीच सांगा, दोन भावांमागे वाढलेली बाई काय करेल? लहानपणी मला फक्त गटारातला बॉल काढायला ठेवायचे. उपमा गेला गवतात. मी जाळीवरून पार ओणवी झाले, दोन्ही हात पुढे केले आणि घेतला की हो! तळहात नुसते झणझणले.

लोक ओरडायला लागले. अंपायरने मूठ वर केली. आउट. मी बॉल चारी दिशांना दाखवला.

"मंदार, माझ्या कॅचवर आउट दिला रे."

"खाली बस. फाउलचा बॉलसुद्धा झेलता येतो. ती झेलणारच होती आणि तू मध्ये हात घातलास, म्हणून आउट दिलाय."

"ती कोण?"

जाळीपलीकडे, माझ्या हातांपासून वीतभर लांब, ग्लव्ह उघडा धरून इरा उभी होती.

"आई," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. "दॅट वॉज माइन."

सीझनमधला पोरीचा पहिला कॅच, आणि तो सख्ख्या आईने पळवला. मी गुपचूप बॉल तिच्या ग्लव्हमध्ये ठेवला. ती वळली तेव्हा खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, कळेना.

पण त्यानंतर काय धावली म्हणता! प्रत्येक बॉलवर अशी, जणू मी मागून तो हिसकवायला येतेय. दोन कॅच घेतले. स्वतःचे.

मॅच संपल्यावर कोच आला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "ऑल गुड. नेक्स्ट वीक शी प्लेज. पण सेकंड बेसला."

"सेकंड बेस म्हणजे कुठे?" मी इराला विचारलं.

"मैदानाच्या मधोमध."

"अगोबाई, म्हणजे भारी जागा दिली की तुला."

"नो, आई," इराने माझा खांदा थोपटला. "तिथे तुझे हात पोचत नाहीत."