गाईला काही कमी पडू दिलं नाही

सकाळी डेअरीवर कॅन घेऊन उभं राहिलं की माणसं बोलणारच. दूध रोज टँकरनं जातं, किस्से मात्र तिथंच साठत राहतात. माझ्यापाशी साठलेत ते बहुतेक शेजारच्या कोंडीभाऊंच्या घरचे. माणूस तसा वाईट नाही. पोरगा चाकणला कंपनीत, घरी भाऊ, सून सुमन अन् एक संकरित गाय. औंदा गाय गाभण अन् सूनही पोटुशी. लोक दोघींची खुशाली विचारायचे, भाऊ सांगायचे एकीचीच!

*

गाय चिंध्या चघळायला लागली. भाऊंचा टॉवेल खाल्ला, मग एक चप्पल. "नजर लागली," म्हणून भाऊंनी गोठ्यात लिंबू-मिरची बांधली. गाईनं लिंबू खाल्लं, दोरासुद्धा!

जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "भाऊ, नजर नाही. अंगातले क्षार कमी पडलेत, म्हणून मिळेल ते खातीय."

*

भाऊ लगेच एसटीनं जुन्नरला. बाजारात हसनभाईंचं पेंडीचं दुकान. हसनभाईंनी मिनरल मिक्श्चरची थैली दिली अन् बजावलं, "गाय आटली तरी बंद करू नका. वासरू आत्ताच घडतंय."

झालं! डेअरीवर रोज भाषण. "आईला घातलं तरच वासराला पोचतं, राव!"

मी म्हटलं, "अन् सुनंला काय घालता?"

"तिला काय? दोन टाइम भाकरी हाय की!"

*

आरोग्य केंद्राच्या आशाताई सुमनसाठी कॅल्शियमच्या गोळ्या देऊन गेल्या. भाऊंनी त्या कुटून पेंडीत कालवल्या. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "सरकारी औषध हाय. गाय काय सरकारच्या बाहेर हाय व्हय?"

पुढच्या फेरीला ताईंनी विचारलं, "गोळ्या लागू पडल्या का, भाऊ?"

"लई! कातडी बघा कशी चमकायला लागली!"

ताई सुमनच्या हाताच्या काड्यांकडं बघत राहिल्या.

*

एकदा दिवस मावळताना सुमन कॅन घेऊन वाटंवरच्या दगडाला अडखळून पडली. दूध सगळं मातीत. मीच तिला हात धरून उठवलं.

भाऊ ओरडले, "डोळं न्हाईत का?"

ती हळूच म्हणाली, "तिन्हीसांजंला दिसत न्हाई, मामंजी. लई दिवस झालं."

"गाईला कसं दिसतं मग? ती बरोबर गोठ्यात येती!"

*

गाईचे दिवस भरत आले तसे भाऊंनी डॉक्टरांना बोलावलं. मीही गेलो. गाय टुणटुणीत! डॉक्टरांनी भाऊंची पाठ थोपटली. मग त्यांचं लक्ष गोठ्याच्या मातीच्या भिंतीकडं गेलं. एका जागी वाटीएवढा खळगा, ताजा कोरलेला.

"भाऊ, एवढं घालताय तरी गाय माती खातीय?"

"ही? दाव्याला बांधलीय. तिथवर तोंड कुठं पोचतंय तिचं?"

डॉक्टरांनी खळग्यात बोट घातलं. बोटांच्याच खुणा होत्या.

तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली. ओठाच्या कोपऱ्याला तांबडी माती. आमच्याकडं बघितलं अन् पदरानं तोंड पुसलं. डॉक्टरांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

भाऊंनी खळगा हातानं चाचपून बघितला. मग म्हणाले, "डॉक्टर, अजून एक थैली आणू का गाईला?"