करवत मासा आणि बाबांची एक ओळ

बाबा आज सकाळी गेले. हरून गेले.

ओळखणाऱ्यांना माहीत आहे, बाबा मूळचे रत्नागिरीकडच्या मच्छीमार घरातले. पण पुढचा सगळा जन्म दिल्लीत गेला. मयूर विहारचा फ्लॅट, मेट्रो, सरकारी ऑफिस. काम काय, तर मासेमारीचे नियम तयार करणं.

आम्ही चिडवायचो, "बाबा, तुमच्या फाइलींना पण मासळीचा वास येतो."

त्यांचा जीव करवत माशावर. लांबलचक तोंडाला दोन्ही बाजूंनी दात असलेला मासा. त्यांच्या लहानपणी गावात तो मिळाला की त्याची करवत देवळात वाहायचे. पुढे तो मिळेनासाच झाला.

म्हणून बाबा त्याला वाचवणाऱ्या नियमासाठी भांडले. धरायचा नाही, विकायचा नाही, जवळ बाळगायचा नाही. नियम झाला त्या दिवशी घरी जिलेबी आणली होती.

मग एकदा गावाहून तात्यांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, जाळ्यात करवत आलाय. मेलेलाच आलाय. काय करू?"

"किनाऱ्यावर आण. मत्स्य खात्याच्या ऑफिसात जाऊन कळव. लपवू नकोस."

आपण खरं बोललो की सरकार समजून घेतं, असं बाबांना मनापासून वाटायचं. आयुष्यभर सरकारी टेबलामागे बसलेल्या माणसालाच असं वाटू शकतं.

तात्यांनी मासा आणला. जवळ बाळगल्याची केस झाली. होडी जप्त.

त्याच पाण्यात मोठे ट्रॉलर फिरत होते. त्यांना करवत मिळत नव्हता का? बिल्कुल मिळायचा. ते तुकडे करून समुद्रात टाकून द्यायचे. पुरावा नाही, केस नाही.

त्यानंतर बाबा एका ओळीच्या मागे लागले. चुकून जाळ्यात आलेला मासा स्वतःहून कळवला, तर तो गुन्हा धरू नये. बस, एवढीच ओळ.

ऑफिसातले म्हणायचे, "सर, ये लाइन डाल दी तो सब यही बोलेंगे कि गलती से फँस गई।"

तेही अगदी चूक नव्हतं. पण मग खरं बोलणाऱ्यानं जायचं कुठे, यार?

रिटायर झाल्यावरही बाबा चकरा मारत राहिले. ती ओळ काही आली नाही. तात्या त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

आज मीच तात्यांना फोन लावला. होडी गेल्यापासून ते दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. ट्रॉलर बंदरातच होता.

"तात्या, बाबा गेले."

पलीकडे इंजिन सुरू होतं. मला वाटलं, फोन ठेवतील.

"गेल्या आठवड्यात जाळ्यात करवत आला होता, बाय," ते म्हणाले. "जिवंत होता. सोडवायला जाळं फाडायचं नाही, अशी मालकाची ताकीद. मीच कापला."

मग तेच पुढे म्हणाले,

"दादाला कळलं नाही, तेवढं बरं झालं."

बाबा, भरल्या मनाने निरोप.